जुनं झालेलं व्रत

नवा नियम आपल्याला सांभाळावा लागतो. जुना नियम आपोआप पाळला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

चौदसीला हिरवी भाजी खायची नाही असा नियम पहिल्यांदा घेतला की आदल्या रात्रीच कॅलेंडर बघितलं जातं. कुणाकडे जेवायला जायचं असेल तर आधी निरोप जातो. ताटात चुकून कोथिंबीर पडली तर जीव कासावीस होतो. दहा वर्षांनी यातलं काही उरत नाही. हात आपोआप मटकीच्या डब्याकडे जातो, घरच्यांनाही सांगावं लागत नाही. हा फायदाच आहे, नाही कसं म्हणू? रोज मनाशी भांडावं लागत नाही. पण ज्या सावधपणासाठी नियम घेतला, तो सावधपणाही त्या भांडणाबरोबरच निघून गेलेला असतो. नियम राहतो आणि त्यातली जाग जाते.

आमच्या बस्तीतल्या बायकांच्या स्वाध्यायात एका वयस्क बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "पंचवीस वर्षं झाली, मी रात्री जेवले नाही. पण सुनेनं आमटीत मीठ कमी घातलं की माझ्या तोंडून जे निघतं, ते पंचवीस वर्षांपूर्वीचंच आहे. मग माझं चुकतंय कुठं?" सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी "कर्माचा उदय हो, दुसरं काय!" म्हणून विषय मिटवला आणि पुढचं पान उघडलं. मला तो प्रश्न इतक्या लवकर मिटवण्यासारखा वाटला नाही. व्रत न करणाऱ्या बाईला तो पडतच नाही. जिनं आयुष्यभर केलं, तिलाच तो पडतो. म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

आपल्या शास्त्रात याला एक नेमका शब्द आहे: प्रमाद. रोजच्या मराठीत आपण तो 'चूक' या अर्थानं वापरतो. शास्त्रात त्याचा अर्थ असावधपणा, चांगल्या कामातली ढिलाई. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात उमास्वामींनी बंधाची पाच कारणं क्रमानं दिली आहेत: मिथ्यादर्शन, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. हा क्रम जरा थांबून बघण्यासारखा आहे. दुसरी अविरती, म्हणजे व्रत नसणं. व्रत घेतलं की ती त्या प्रमाणात कमी झाली. पण तिच्यापुढे प्रमाद तसाच उभा आहे. म्हणजे व्रत घेतल्यानं प्रमाद जातो असं शास्त्र कुठं म्हणतच नाही. उलट, व्रत घेतलेल्यालाच त्याच्याशी पुढचा झगडा करायचा आहे.

हिंसेची व्याख्या करतानाही त्याच ग्रंथात आधी प्रमाद आला आहे आणि मग प्राण घेणं. साधू चार हात जमीन पाहून, जपून चालला आहे, आणि अचानक एखादा किडा उडी मारून पायाखाली आला, तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही. दुसरा कसाही चालला आहे, पायाखाली एकही जीव मेला नाही, तरी त्याला दोष लागतो. लहानपणी पाठशाळेत हा दृष्टांत ऐकताना तो मला साधूच्या चालण्यापुरता वाटायचा. आता वाटतं, स्वयंपाकघरालाही तो तितकाच लागू आहे.

पाणी गाळण्याचंच घ्या. विहिरीवरून पाणी आणायच्या काळात दुहेरी जाड कापडातून पाणी गाळलं जाई. मग ते गाळणं गाळलेल्याच पाण्यानं उलटं धुऊन ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी तिथंच परत सोडली जाई. नुसतं ओतायचं नाही. पोहरा खाली पाण्यापर्यंत नेऊन हळूच सोडायची, म्हणजे वरून आपटून जीव मरू नयेत. गाळलेलं पाणीही 48 मिनिटांच्या पुढं गेलं की पुन्हा गाळायचं. या सगळ्यात कापड हे साधन होतं. खरी गोष्ट होती, न दिसणाऱ्या जिवाची आठवण. आज आपल्या नळाला कापडाची पिशवी बांधलेली असते. ती कधी बांधली आणि कधी धुतली हे घरात कुणाला विचारलं तर एकमेकांकडे बघतात. कापड आहे आणि नियमही मोडलेला नाही, पण आठवण मात्र गेली आहे. प्रमाद म्हणतात तो हाच.

दुसरं उदाहरण जिभेचं. कंदमूळ सोडलं, फार चांगलं केलं. मग कच्च्या केळ्याचे असे वडे करायचे की खाणाऱ्याला बटाट्याची आठवण होऊ नये. कांदा-लसूण नसलेली पावभाजी अशी करायची की चारजणींनी कृती विचारावी. दशलक्षणाच्या दहा दिवसांत कितीतरी घरांत एरवीपेक्षा जास्त पदार्थ होतात. कृतीच्या वह्या भरतात. यात हिंसा कमी झाली हे खरंच आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण सहा बाह्य तपांत अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. रसपरित्यागही आहे. जिभेला हवं ते सगळं दुसऱ्या वाटेनं पोचवलं, तर सुटला तो बटाटा. आसक्ती होती तिथंच बसून जेवते आहे.

आचार्यांना हे आधीच ठाऊक होतं. तत्त्वार्थसूत्रात प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत; व्रत मोडलं नाही, पण मळलं, असे दोष. सामायिकाचे पाच बघा. मन भरकटणं, वाणी घसरणं, शरीर चुळबुळणं हे तीन आपल्याला ठाऊक असतात, कारण ते कळतात. चौथा आहे अनादर, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ अनुत्साह असा केला आहे. पाचवा म्हणजे आपण काय करतो आहोत याची आठवणच न राहणं. हेच दोन पुन्हा प्रोषधोपवासाच्या अतिचारांतही येतात. म्हणजे उपवास निर्जळी झाला, दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी उत्साहाशिवाय, केव्हा एकदा पारणं होतं असं करत झाला, तर तो दोष म्हणून मोजला आहे. व्रत मोडलं नाही यावर समाधान मानायची सोयच आचार्यांनी ठेवली नाही.

हा दोष काही आपल्यापुरता नाही. आमच्या बेळगावात ख्रिस्ती शेजार पुष्कळ. ईस्टरआधीचे त्यांचे चाळीस दिवस उपवासाचे, प्रार्थनेचे असतात, आणि वर्षांमागून वर्षं ते पाळणाऱ्यांनाही हीच अडचण येते. त्यांच्या परंपरेत चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकान्तात राहणारे साधू होते. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसनं साधकाच्या मनात येणारे आठ वाईट विचार सांगितले. त्यांतला एक म्हणजे साधनेचा कंटाळा. त्याला त्यानं भरदुपारचं भूत म्हटलं. ते लागलं की सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं, साधू पुनःपुन्हा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला तरी येतंय का म्हणून डोकावतो. सामायिकात एक डोळा घड्याळाकडे ठेवून 48 मिनिटं मोजणाऱ्या आपल्या बायकांना हे वर्णन परकं वाटेल का?

कंटाळ्याची एक थोरली बहीण आहे, आणि ती जास्त घातकी. कंटाळा निदान कळतो. ही कळत नाही, कारण ती हार घालून येते. दहा उपवास झाले, मिरवणूक निघाली, फलकावर फोटो लागला. समाजानं तपाचा मान करावा, यात वावगं काही नाही. पण समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात जे आठ मद सांगितले, त्यांत कुल, जाती, बल यांच्या रांगेत तपही बसवलं आहे. तपाचाही माज चढतो. आणि अतिथींना आहार देण्याच्या व्रतात मात्सर्य हा अतिचार आहे. देताना आदर नसणं, किंवा दुसऱ्या दात्याचं चांगलं न बघवणं. चातुर्मासात महाराजांचा आहार कुणाच्या चौक्यात झाला आणि कुणाच्या नाही, यावरून जे अबोले धरले जातात ते आठवा. दान झालं. पुण्याच्या ताटाशेजारी मत्सराची वाटीही वाढली गेली.

गुणस्थानांच्या चौदा पायऱ्या पाठशाळेत आपण तोंडपाठ केल्या. त्यांत पाचवी व्रती श्रावकाची. सहाव्या पायरीचं नाव प्रमत्तविरत. महाव्रतं घेतलेल्या मुनींच्या पायरीच्या नावातच प्रमाद आहे! सातवी अप्रमत्ताची. मुनी या दोन पायऱ्यांवर सतत वरखाली करतात, दर अंतर्मुहूर्ताला, म्हणजे 48 मिनिटांच्याही आत. आणि अकरावी पायरी तर अंगावर काटा आणणारी आहे. तिथं मोह पूर्ण शांत झालेला असतो, पण नाहीसा झालेला नसतो. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी आरशासारखं दिसतं. भांडं हललं की सगळा गाळ पुन्हा वर. त्या पायरीवरून जीव खाली येतोच. इतक्या उंचीवर ही गत, तर पंचवीस वर्षांच्या रात्रीभोजनत्यागावर आपण निर्धास्त कशा बसणार?

मग कुणी तरुण मुलगी म्हणते, "भाव नसेल तर कशाला पाळायचं? ते ढोंगच की!" हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला तो अपुरा वाटतो. कोरडा नियमही हात आवरतो. ज्या रात्री मन वैतागलेलं असतं, त्या रात्री सवयच आपल्याला धरून ठेवते. घडा रिकामा आहे म्हणून फोडून टाकला, तर पाऊस आल्यावर पाणी धरायचं कशात? नियम सोडू नये. पण रिकामा घडा डोक्यावर घेऊन आपण पाणी आणलं असंही म्हणू नये. त्या बाईंचं चुकत होतं ते एवढंच, असं मला वाटतं. रात्री न जेवण्यानं जीभ एका बाजूनं बांधली गेली. दुसऱ्या बाजूनं तिला कुणी बांधलंच नव्हतं, आणि पहिल्या गाठीच्या भरवशावर दुसरी मारायची राहून गेली. पंचवीस वर्षं वाया गेलेली नाहीत. त्यांच्यावर पुढचं काम रचायचं आहे.

हे काम कसं करायचं, हेही परंपरेनंच सांगून ठेवलंय. दिग्व्रत जन्मभराचं असतं. अमुक दिशेला अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही. देशव्रत मात्र त्याच मर्यादेला रोज आणखी आखडतं घेतं. आज या गावाबाहेर नाही, या घडीला या घराबाहेर नाही. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. जन्मभराचं व्रत जुनं होणार, हे ओळखून त्याच्या पोटात रोजचं ताजं व्रत ठेवलं आहे. तेच आपण जिभेला लावू शकतो. आज दुपारपर्यंत कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवणार नाही. आज बस्तीतून घरी येईपर्यंत विकथा नाही. आणि पंधरा प्रमादांत स्त्रीकथा, राष्ट्रकथा, राजकथा यांच्याबरोबर भोजनकथाही आहे, हे आपण बायकांनी विसरायला नको! नियम लहान असावा, मुदत थोडी असावी, आणि ती संपली की स्वतःला विचारावं: जमलं का? रात्री आलोचना करताना पाठ केलेला पाठ जरूर म्हणावा, पण त्यात आजच्या दिवसाचं, नावानिशी, एक तरी वाक्य आपलं असावं. आणि महिन्यातून एकदा नळाची ती पिशवी काढून बघावी.

वय झालं, आता पुरे, असं म्हणायची सवलत मात्र कुणालाच नाही. मुनींच्या सहा आवश्यकांत प्रतिक्रमण आहे, आणि ते रोजचं आहे. दीक्षेला किती वर्षं झाली म्हणून ते माफ होत नाही. आपल्याच मुलखातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज 1872 साली जन्मले आणि 1955 साली त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. दृष्टी मंद झाली होती. पायाखालचे, अन्नातले जीव दिसेनासे झाले तर संयम पाळायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. एवढ्या दीर्घ तपानंतरही, आता आपल्या हातून हिंसा होणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. दिसत नाही म्हणजे सावध राहता येत नाही, एवढा सरळ हिशेब त्यांनी मांडला.

आपले डोळे अजून शाबूत आहेत. बघायचं तेवढं राहिलंय.