नाव जमिनीचं

आज हातात पेला घ्यायचा नाही. तुम्ही वाइन पिणारे असा वा नसा, या मननाला चव लागत नाही. पाठ टेकून बसा. श्वास आपल्या गतीने येऊ-जाऊ द्या, आणि मनाने फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एका उतारावर चला.

दिजों शहरातून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला तो उतार लागतो. त्याला कोत द न्वी म्हणतात. बर्गंडी प्रदेशाच्या तांबड्या वाइनचं नाव प्रामुख्याने या पट्ट्यावर उभं आहे. लांबी जेमतेम 20 किलोमीटर, आणि रुंदी इतकी थोडी की माथ्यावरच्या झाडीतून निघालेला माणूस रमतगमत खालच्या हमरस्त्याला लागतो. उतार पूर्वेला तोंड करून बसलाय, म्हणून पहिलं ऊन त्याला मिळतं.

महिना जानेवारीचा. वेलींवर एक पान नाही. गुडघ्याएवढे काळे, वाकडे खुंट मीटर-मीटरावर ओळीने उभे आहेत. एका हेक्टरात सुमारे 10,000. थंडी कानांना लागतेय. घाई करू नका, इथे कुणालाच घाई नाही.

आता खाली वाका आणि एक दगड उचला.

पांढुरका पिवळा आहे, चुनखडीचा. अंगठ्याने पुसून पाहा. त्यात बारीक चकत्यांसारखं काहीतरी रुतलंय. ते समुद्रातल्या जिवांचे अवशेष आहेत. सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात जगून मेलेल्यांचे सांगाडे आणि शिंपले थरावर थर साचत गेले, त्यांचा दगड झाला. पुढे पूर्वेकडची जमीन खचली आणि तुटलेल्या कडेवर ते थर उघडे पडले. म्हणून या उतारावर चार पावलं चाललं की पायाखालचं बदलतं. माथ्याला मातीचा पापुद्रा पातळ आणि लगेच कातळ. मध्यावर चुनखडी आणि चिकणमाती यांचा मेळ. खाली रस्त्याकडे माती जाड, ओल धरून राहणारी.

दगड हातात राहू द्या. गार आहे ना?

ही पावलापावलाची तफावत इथल्या माणसांनी ओळखली आणि प्रत्येक तुकड्याला नाव दिलं. नाव दिलेल्या तुकड्याला बर्गंडीत क्लिमा म्हणतात. शब्द हवामानाचा, पण इथे त्याचा अर्थ बांधलेली, ओळखीची जमीन. 2015मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवले ते हेच क्लिमा, 1,247. आपल्याकडे गावातला जुना माणूस शेताचा गट नंबर सांगत बसत नाही. चिंचेचं, मळईचं, खडकाळी असं सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाट कळते. इथे ते शेताचं नाव बाटलीवर चढलं. द्राक्षाचं नाव बहुधा लिहीतही नाहीत.

द्राक्ष आहे पिनो न्वार. घट्ट, आखूड घड, पातळ सालीचे मणी. दव पडलं तरी भितं, पावसात सडतं. 1395मध्ये इथल्या ड्यूक फिलिपने गामे नावाच्या भरघोस येणाऱ्या वेली उपटायचा हुकूम काढला आणि पिनोची बाजू घेतली. पोटासाठी गामे लावणाऱ्यांना तो जाचला असणार. पण हे नाजूक द्राक्ष राहिलं म्हणूनच दोन बांधांमधला फरक पेल्यात उतरतो, हे मला मनापासून वाटतं.

उठा. थोडं पुढे वूजो गावापाशी एक लांब दगडी भिंत आहे. तिच्यावर तळवा टेका.

1098मध्ये इथून जवळच, सितोच्या दलदलीत एका मठाची स्थापना झाली. हाताने कष्ट करणं हे त्या संन्याशांच्या व्रतातच होतं. बाराव्या शतकात त्यांना या उतारावर जमिनी दान मिळत गेल्या. त्यांनी त्या जोडल्या, वेली लावल्या, दगड काढले आणि भोवती भिंत घातली. आत सुमारे 50 हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. हे क्लो द वूजो. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. 1889नंतर या बागेचे तुकडे पडत गेले, आणि आज भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. कुणाच्या वाट्याला मोजक्याच ओळी. वरच्या अंगाची जमीन आणि रस्त्याकडची जमीन एकसारखी नाही, तरी नाव सगळ्यांना एकच. मला हे खटकतं. तरीही मालक फिरले आणि भिंत तिथेच राहिली, हे पाहताना तळवा उचलवत नाही.

अजून थोडं दक्षिणेला, वोन-रोमाने गावाच्या वर एक दगडी क्रूस उभा आहे. त्याच्यापाशी थांबा. समोरची बाग रोमाने-कोंती, साडेचार एकरांहून किंचित कमी. 1760मध्ये कोंतीच्या राजपुत्राने ती घेतली म्हणून हे नाव. तिच्या बाटलीच्या किमतीचं बोलणं जगभर चालतं, ते आज बाहेर ठेवू.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली. अमेरिकी खुंटावर कलम करणं हा उपाय निघाला आणि फ्रान्सभर जुन्या वेली गेल्या. या बागेत मात्र जमिनीत औषध सोडून स्वतःच्या मुळांवरच्या वेली जगवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात औषध मिळेना. 1945चं पीक अगदीच थोडं आलं, सुमारे 600 बाटल्यांचं. त्यानंतर वेली उपटल्या. 1946 ते 1951 या नावाची एकही बाटली नाही.

त्या सहा वर्षांपाशी बसून राहा. उघडी जमीन, मग कोवळी कलमं, आणि वाट पाहणं. नाव तेवढा काळ मातीतच होतं.

इथे जमीन मोजायचं एक जुनं माप आहे, उव्रे. एका माणसाने एका दिवसात कुदळीने जेवढं खणावं तेवढं. आपले सव्वाचार गुंठे. त्या हिशेबाने समोरची बाग म्हणजे एका माणसाचे 42 दिवस.

आता कान द्या. कात्रीचा कट्-कट् आवाज येतोय. दोन ओळी पलीकडे कुणीतरी वाकून छाटणी करतंय. नाशिककडे वर्षाला दोन छाटण्या होतात. इथली वेल हिवाळाभर झोपते, म्हणून एकच. गेल्या वर्षीच्या सगळ्या काड्यांतून एक लांब काडी ठेवायची आणि एक आखूड, दोन डोळ्यांची. ती पुढच्या वर्षासाठी. बाकीच्या काढून टाकायच्या. छाटणारा कापण्याआधी क्षणभर थांबतो, वेलीच्या दोन्ही बाजूंनी पाहतो. मग कात्री मिटते. कापलेल्या काड्या तो मागच्या लोखंडी हातगाडीत टाकतो. आत विस्तव आहे, पांढरा धूर सरळ वर जातो. तो एक क्षण हात शेकून घेतो.

मग एक मीटर पुढे सरकतो, पुढच्या वेलीपाशी.