टाकीत किती उरलंय?

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात छोटंसं घर बसवून लांबच्या प्रवासाला निघतात. त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागात नवराबायकोची गादी, खाली जेवायचं टेबल, रात्री तेच टेबल खाली उतरवून मुलांचा पलंग, दोन शेगड्या, हातभर मोरी आणि कपाटाएवढं संडास-न्हाणीघर. लेखक जॉन स्टाइनबेक 1960 मध्ये असंच घर घेऊन, चार्ली नावाच्या कुत्र्यासोबत देश बघायला निघाला होता. त्याचं बरं होतं, माणूस एकच. चौघांचं कुटुंब त्यात राहायला लागलं की पहिलं भांडण जागेवरून होतं, दुसरं पाण्यावरून. जागेचं पुढे जमून जातं.

आम्ही ॲरिझोना-यूटामधून हिंडलो त्या कॅम्परच्या टाकीत 30 गॅलन, म्हणजे साधारण 114 लिटर पाणी मावायचं. लिटरमागे एक किलो वजन, आणि ट्रकने किती भार सोसायचा ते दाराच्या चौकटीवर छापलेलं. त्यामुळे ‘असू दे, जास्तीचं भरून घेऊ’ हा आपला हमखास उपाय तिथे चालत नाही. भिंतीवर एक बटण असतं. दाबलं की टाकी किती भरलेली आहे ते दिव्यांवर कळतं. धाकटी दात घासता घासता ते दाबायची आणि ‘बाबा, एकच दिवा राहिला!’ म्हणून ओरडायची. घरी ‘नळ बंद कर’ सांगून आमचा घसा कोरडा पडतो. इथे कुणाला काही सांगावं लागलं नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. अंगाला साबण लावून होईपर्यंत शॉवर बंद.

मराठवाड्यातल्या एखाद्या बाईला हे दिवे लागणार नाहीत. घरात किती हंडे उरलेत ते तिला न बघता ठाऊक असतं.

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर मात्र मुलं पोटभर पाणी प्यायली. ते पाणी येतं समोरच्या उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यातून, अख्खी दरी ओलांडून, साडेबारा मैलांच्या जलवाहिनीने. 1960 च्या दशकातली ही वाहिनी वारंवार फुटते. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस तर अशी फुटली की ऐन सुट्टीत काठावरच्या हॉटेलांतले मुक्काम बंद करावे लागले.

वापरलेलं पाणीसुद्धा कॅम्परमध्ये कुठे जात नाही, पायाखालीच साठतं. भांडी-आंघोळीचं एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या. (या दुसऱ्या टाकीच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नये. आत कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते.) टाकी भरली की ती रिकामी करायच्या जागी, म्हणजे डंप स्टेशनवर, गाडी लावायची, हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची आणि दांडा ओढायचा. आधी संडासाची टाकी, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. मोठा मुलगा नाक दाबून उभा होता, पण बघत होता. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या कुणाच्या गळ्यात बांधलं गेलं, ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच तो दांडा बापाने मुलांसमोर ओढावा, आणि पुढच्या खेपेला त्यांच्या हातात द्यावा. साऱ्या प्रवासात मला हेच दृश्य सर्वांत मोलाचं वाटतं. लाल कड्यांचे फोटो काय, कुणाकडेही सापडतील.

आपल्या इमारतीचं सांडपाणी गटाराच्या झाकणापुढे कुठे जातं, हे ठाऊक आहे का? नसेल तर आज वॉर्ड ऑफिसात विचारून या. मुलांनाही सोबत न्या.