आजीबाईंचें ताट

खेड्यांतील पुष्कळ घरीं सायंकाळीं चुलीपाशीं एकच क्रम दिसतो. आधीं मुलांचीं ताटें, मग शेतांतून आलेल्या पुरुषांचीं, आणि सर्वांच्या मागून आजीबाईंचें. तळाशीं राहिलेलें कालवण, अर्धी भाकर व थोडा ठेचा एवढ्यावर त्या “माझें झालें” म्हणून हात धुतात. शेजारीपाजारी त्यांच्या ह्या त्यागाची वाखाणणी करितात. ती योग्य आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

वृद्धापकाळीं श्रम कमी झाल्यानें अन्न थोडें पुरतें, हें खरें. परंतु त्यांतील सत्त्व थोडें असून चालत नाहीं. वयाबरोबर स्नायु झिजतात, व ते राखण्यास प्रथिनें लागतात. शरीराच्या दर किलो वजनास रोज निदान १ ग्रॅम प्रथिनें वृद्धांनीं घ्यावींत, असें हल्लीं पुष्कळ आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीबाईंस ५० ग्रॅम झालीं. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम, पेलाभर दुधांतहि जवळजवळ तितकींच. मग तळच्या पातळ कालवणांत तीं किती असणार?

दांत गेले म्हणजे चहांत पाव बुडवून दिवस काढण्याची खोड लागते. पाव कितीहि मऊ असो, तें जेवण नव्हे! भाकर दुधांत कुसकरावी, मुगाचें वरण दाट करावें, नाचणीची आंबील द्यावी. तहान मंदावलेली असते, म्हणून पाणी आपण होऊन पुढें करावें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस आधीं विचारावें.

आतां त्यागाविषयीं. नातवास दूध देण्यांत आजीबाईंस आनंद असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु “मलाहि हवें” असें न लाजतां ज्यास म्हणतां येतें, त्याच्याच देण्यास आम्ही त्याग म्हणूं. ज्या घरांत म्हातारीनें मागणें हेंच हावरेपणाचें समजतात, तेथें त्यांनीं दिलें असें म्हणणें कठीण. त्यांजकडून तें घेतलें गेलें. जेथें पेलाच एक आहे, तेथें आम्ही न्याय करावयास बसत नाहीं. पण पुष्कळ घरीं पेले दोन असतात, व अडचण केवळ वाढण्याच्या क्रमाची असते.

आजीबाई अशक्तपणानें पडल्या, हाड मोडलें, तर घरास खर्च पडेल, असाहि हिशेब कोणी मांडतील. तो खोटा नाहीं. तथापि तो आम्ही पुढें करीत नाहीं. त्यांस भूक आहे, एवढें कारण आम्हांस पुरे वाटतें.