नऊ आणि शून्य

गेल्या मार्गशीर्षात मंडळाच्या एकांकिका स्पर्धेचा निकाल लागला आणि जो वाद उसळला, त्याचे पडसाद अद्याप विरलेले नाहीत. आम्ही त्या वादात पडलो नाही. परीक्षकांपैकी दोघे आमचे जुने स्नेही, आणि ज्या संघाला काहीच मिळाले नाही त्याची दिग्दर्शिका आमच्या शेजाऱ्यांची स्नुषा. तेव्हा मौन हेच इष्ट होते. परंतु त्या रात्री घरी परतताना एक प्रश्न मनात घोळत राहिला. दोन चांगल्या कलाकृतींपैकी एकीला श्रेष्ठ ठरवावे लागते तेव्हा अन्याय घडतो तो नेमका कोणत्या जागी? निवड करण्यातच तो असतो, की निवडीच्या रीतीत?

घरच्या उदाहरणावरून असा विचार करू जावे तर रागलोभ आडवे येतात. म्हणून आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो.

सन २००८ च्या जुलैत आम्ही सपत्नीक आमच्या धाकट्या बंधूंकडे न्यू जर्सीस गेलो होतो. बंधूंना नाटकाचे वेड. ते इंदूरचेच, नाट्यगृहाबाहेर तिकिटासाठी उभे राहण्यात ज्यांचे बालपण गेले त्या पिढीचे. त्यांनी एकाच आठवड्यात आम्हांस न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील दोन नाटके दाखविली: ‘अ कोरस लाइन’ आणि ‘शिकागो’. तिकडे अशा नाटकास म्युझिकल म्हणतात. आपल्या संगीत नाटकासारखी त्यात पदामागून पदे रंगत नाहीत. गाणे, नृत्य आणि संवाद यांची वीण घट्ट असते आणि नृत्याचा वाटा पुष्कळदा गाण्याहून मोठा असतो. दोन्ही प्रयोग म्हणजे जुन्या नाटकांची पुनरुज्जीवने होती. दुसऱ्या नाटकाहून परतताना गाडीत बंधू म्हणाले, “दादा, ही दोन्ही नाटकं एकाच वर्षी स्पर्धेत होती. एकाला नऊ बक्षिसं मिळाली आणि दुसऱ्याला शून्य. तुम्ही असता तर कोणाला दिलं असतं?” आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही.

ती स्पर्धा म्हणजे १९७६ ची टोनी पारितोषिके. ‘शिकागो’ रंगभूमीवर आले ३ जून १९७५ रोजी. ‘अ कोरस लाइन’ त्याच वर्षाच्या वसंतात एका लहान नाट्यगृहात सुरू झाले आणि लोकांची झुंबड पाहून काही महिन्यांतच ब्रॉडवेवरील शुबर्ट थिएटरात हलविले गेले. पहिल्यास अकरा नामांकने होती, दुसऱ्यास बारा. १८ एप्रिल १९७६ रोजी पारितोषिक समारंभ झाला तोही शुबर्ट थिएटरातच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरीच. ‘कोरस लाइन’ने सर्वोत्कृष्ट संगीत नाटक, संहिता, संगीत, दिग्दर्शन, नृत्यरचना, प्रमुख अभिनेत्री, सहायक अभिनेता, सहायक अभिनेत्री आणि प्रकाशयोजना अशी नऊ पारितोषिके उचलली. ‘शिकागो’ची मंडळी रित्या हातांनी घरी गेली.

यातली गंमत कळण्यासाठी दोन्ही नाटके कशाविषयी आहेत हे सांगितले पाहिजे. ‘कोरस लाइन’ हे निवडीविषयीचेच नाटक आहे. रिकामा रंगमंच, मागे आरसे, जमिनीवर आखलेली एक पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर उभे असलेले सतरा नर्तक. दिग्दर्शकास हवे आहेत फक्त आठ: चार पुरुष, चार स्त्रिया. तेही प्रमुख भूमिकेसाठी नव्हे, तर नायिकेच्या पाठीमागे एकसारखे नाचण्यासाठी. तो प्रत्येकास विचारतो, तू कोण, कुठला, का नाचतोस. आणि एकेकाचे आयुष्य उलगडते. हे प्रसंग कल्पनेतून आले नव्हते. १९७४ च्या जानेवारीत दिग्दर्शक मायकेल बेनेट यांनी खऱ्या नर्तकांना एकत्र बसवून रात्रभर बोलते केले व ते ध्वनिमुद्रित केले. त्या नर्तकांनी आपापल्या कहाण्यांचे हक्क एका डॉलरला लिहून दिले होते. पुढे त्यांना उत्पन्नातला काही वाटा देण्यात आला हे खरे; तथापि तो एक डॉलर आमच्या मनातून जात नाही.

‘शिकागो’ची जात निराळी. मॉरीन वॉटकिन्स या वार्ताहर बाईंनी १९२४ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’साठी दोन स्त्रियांवरील खुनाच्या खटल्यांचे वृत्तांत लिहिले. दोघीही निर्दोष सुटल्या. त्यावरून बाईंनी १९२६ साली नाटक लिहिले आणि बॉब फॉसी यांनी जॉन कँडर व फ्रेड एब यांच्या साह्याने त्याचे संगीत नाटक केले. खुनी बाई देखणी असेल, वकील चतुर असेल आणि वर्तमानपत्रे हाताशी असतील तर न्यायालय हेही एक तमाशाचे फड ठरते, एवढेच त्याचे सांगणे. त्यात कोणाविषयी कणव नाही. प्रेक्षकाचीही गय नाही, कारण टाळ्या वाजविणारा तोच असतो.

आमचे मत विचाराल तर सर्वोत्कृष्ट नाटकाचे पारितोषिक ‘कोरस लाइन’ला मिळाले ते योग्यच झाले. नाटकाचा शेवट ज्यांनी पाहिला त्यांना हे पटेल. दोन तास ज्या माणसांची नावे, आया, जखमा आपण ओळखीच्या करून घेतल्या, ती सगळी अखेरीस सोनेरी पोशाखात, उंच टोप्या घालून एका ओळीत येतात आणि अशी एकसारखी नाचतात की कोण कोणता हे आपल्यालाच कळेनासे होते. आपण टाळ्या वाजवितो आणि त्याच क्षणी काहीतरी हरवल्याची जाणीव होते. ‘शिकागो’त असा क्षण नाही. ते अधिक चतुर आहे, कदाचित अधिक खरेही. पण त्याने आमच्या काळजाला हात घातला नाही.

मग बिघडले कोठे? बिघडले ते पुढच्या रकान्यांत.

नृत्यरचनेचेच पाहा. फॉसी यांची नृत्ये म्हणजे मनगटाचा एक झटका, खांद्याची एक उचल, टोपीचा एक कोन. शरीराच्या इतक्या थोड्या हालचालीत इतका उपहास भरणे दुसऱ्या कोणास साधले असेल असे आम्हांस वाटत नाही. ‘कोरस लाइन’मधील नृत्ये उत्तम असली तरी ती मुद्दामच साधी आहेत, कारण ती कसोटीस उभ्या असलेल्या नर्तकांची आहेत. किंवा अभिनेत्रीचे पारितोषिक घ्या. ‘शिकागो’च्या ग्वेन व्हर्डन आणि चिटा रिव्हेरा या दोघी मातब्बर नायिका एकाच रकान्यात होत्या, पारितोषिक मिळाले ‘कोरस लाइन’च्या डॉना मॅकेक्नी यांस. त्यांच्या गुणांविषयी शंका नाही. परंतु ओळीत कोणी मोठे नाही आणि कोणी धाकटे नाही हे ज्या नाटकाचे मर्म, त्याच्याच ओळीतून तिघांना पुढे बोलावून मोठे ठरविले गेले, ही विसंगती त्या रात्री किती जणांना जाणवली असेल?

फॉसी यांची कीव करण्याचे कारण नाही, हेही येथेच सांगून टाकतो. १९७३ या एकाच वर्षात ऑस्कर, टोनी आणि एमी ही तिन्ही पारितोषिके दिग्दर्शनासाठी मिळविणारा तो मनुष्य. प्रश्न त्यांच्या मानहानीचा नाही. मत देणाऱ्याने पहिल्या रकान्यात एक नाव लिहिले आणि मग पुढील रकाने कागदाकडे न पाहताच भरले असावेत, असा आमचा संशय आहे. हा संशय आम्हांस का यावा, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

सेवानिवृत्तीपूर्वी काही वर्षे आम्ही एका पदोन्नती समितीवर होतो. एका जागेसाठी दोन नावे आली. दोघांच्याही गोपनीय चरित्रावल्या निष्कलंक. पहिले गृहस्थ वाक्‌पटू, बैठकीत आकडे तोंडपाठ सांगणारे, वरिष्ठांची वेळ वाचविणारे. दुसरे अबोल. पण जमिनीच्या नोंदींचे काम त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाचे आम्ही पाहिले नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली नस्ती पुन्हा उघडावी लागत नसे. गुणपत्रकात सहा रकाने होते. पहिला रकाना नेतृत्वाचा. त्यात आम्ही पहिल्यास अधिक गुण दिले, आणि ते आजही योग्य वाटतात. त्यानंतर लेखणी घसरत गेली. ‘अभिलेखांची अचूकता’ या रकान्यातही आम्ही पहिल्यासच अधिक गुण दिले! का? कारण निकाल मनात ठरला होता आणि पत्रक त्याच्याशी सुसंगत दिसावे असे वाटले. संमिश्र गुणांचे पत्रक वर गेले असते तर कोणी स्पष्टीकरण मागितले असते. सरळ पत्रकास कोणी काही विचारत नाही.

निवड तीच झाली असती, हे आम्ही स्वतःस अनेकदा सांगितले आहे. बेरजेत पहिले गृहस्थ पुढेच राहिले असते. पण ते पत्रक पुढे दुसऱ्यांच्या चरित्रावलीत राहिले. ज्या कामात त्यांनी तीस वर्षे घालविली, त्या कामातही ते दुय्यमच, असे आमच्या सहीने नोंदले गेले. पुढच्या समितीने ते वाचले असणारच. ते त्याच पदावरून निवृत्त झाले.

काळ न्याय करतो, असे अशा वेळी म्हणण्याचा प्रघात आहे आणि या दोन नाटकांचा दाखला त्यासाठी हमखास देता येईल. मूळ ‘शिकागो’चे ९३६ प्रयोग झाले, ‘कोरस लाइन’ १९९० पर्यंत चालले आणि ६,१३७ प्रयोगांवर थांबले. मात्र १९९६ च्या नोव्हेंबरात ‘शिकागो’ पुन्हा आले, १९९७ मध्ये त्याने सहा टोनी मिळविली, २०११ साली प्रतिस्पर्ध्याचा तो प्रयोगांचा आकडा ओलांडला आणि पुढे दहा हजारांचाही टप्पा पार केला. २००२ च्या ‘शिकागो’ चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाली. उलट ‘कोरस लाइन’चा १९८५ चा चित्रपट, ‘गांधी’कार रिचर्ड ॲटनबरो यांच्यासारखा दिग्दर्शक असूनही, ऑस्करात रिक्तहस्त राहिला, आणि आम्ही पाहिलेल्या पुनरुज्जीवनास एकही टोनी मिळाले नाही. शून्य या घरून त्या घरी गेले.

यास न्याय म्हणावे काय? आमच्या मते नाही. काळ हाही एक परीक्षकच आहे आणि त्यालाही दिवसागणिक लहरी असतात. निक्सन यांनी १९७४ च्या ऑगस्टात राजीनामा दिला. लबाडीचा वीट आलेल्या अमेरिकन प्रेक्षकास पुढच्याच वर्षी लबाडीचे आणखी एक नाटक कशाला हवे असेल? १९९५ च्या ऑक्टोबरात सिम्सन खटल्याचा निकाल सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि वर्षभराने तेच नाटक जणू कालच लिहिल्यासारखे वाटले. नाटक बदलले नव्हते. आणि शिवाय, ज्यांच्याविषयी न्याय व्हायचा ती माणसे कोठे होती? मायकेल बेनेट २ जुलै १९८७ रोजी वारले आणि बॉब फॉसी त्याच वर्षी २३ सप्टेंबरास. उणेपुरे तीन महिने मध्ये.

मग पारितोषिके बंद करावीत काय? आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत एक वाद अखंड चाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर. त्या रात्री कोण वरचढ ठरले, यावर आमचे आजोबा आणि त्यांचे व्याही, दोघेही तो प्रयोग न पाहिलेले, भोजनाच्या पंक्तीत हमरीतुमरीवर येत. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले, त्यामुळे फेरतपासणीचीही सोय उरली नाही. माणसाला तुलना केल्यावाचून राहवत नाही, हे त्यावरून दिसते. फरक इतकाच की तेथे कोणी रकाने आखले नव्हते आणि कोणाच्या नावापुढे शून्य मांडले गेले नव्हते. पण नोकरीच्या जागा, शिष्यवृत्त्या, स्पर्धेचे करंडक, हे सगळे पंक्तीतल्या वादावर सोडता येत नाही. निवड करावीच लागते. ती करताना आपण एकाला पुढे बोलावतो तेवढ्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही. त्याच्या प्रत्येक गुणावर पहिल्याची सावली पाडतो तेव्हा तो होतो.

मंडळाच्या कार्यवाहांनी पुढील वर्षी परीक्षक म्हणून आमचे नाव सुचविले आहे. आम्ही अद्याप होकार कळविलेला नाही. एक विनंती मात्र केली आहे, की प्रत्येक रकान्याचा कागद वेगळा असावा आणि एक भरून पेटीत टाकल्यावरच दुसरा हाती मिळावा. कार्यवाह हसले आणि म्हणाले, “साहेब, इतका कागद परवडायचा नाही.”

ते अबोल गृहस्थ गेल्या वैशाखात नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले होते. चहा घेतला, मंडळाच्या एकांकिकांविषयी चौकशी केली. त्या पत्रकात काय लिहिले होते हे त्यांना ठाऊक आहे की नाही, ते आम्हांस विचारता आले नाही.