दुसऱ्याच्या मॉनिटरची फाइल

कुणाचा स्क्रीन नीट लागत नसला की आपली चालती फाइल त्याला पाठवून द्यावीशी वाटते. ‘माझ्याकडे व्यवस्थित चालतंय, तूही हीच टाक.’ लिनक्स वापरणाऱ्यांत ही देवाणघेवाण पहिल्यापासून आहे, आणि अडलेल्याला हात देण्याची ही रीत मला मनापासून आवडते. ती जपायची तर देणाऱ्याने जरा जास्त लक्ष घालायला हवं.

१९९०च्या दशकात लिनक्सवर खिडक्या-चित्रांचा डेस्कटॉप हवा असेल तर बहुतेकदा एक्सफ्री८६ ही ‘एक्स’ प्रणाली लागायची, आणि मॉनिटरची माहिती तिला एका फाइलमध्ये बऱ्याचदा हातानेच लिहून द्यावी लागायची. त्यात ‘मोडलाइन’ नावाची आकड्यांची एक लांबलचक ओळ असे. १०२४ बाय ७६८ची नेहमीची मोडलाइन घेऊ. पहिला आकडा ६५, म्हणजे सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके. पुढे १०२४, १०४८, ११८४, १३४४. डोळ्यांना दिसतात ते १०२४च ठिपके. पण एक आडवी रेघ पुरी करून पुन्हा डाव्या कडेला यायला एकूण १३४४ ठिपक्यांइतका वेळ धरलेला असतो. साडेसहा कोटींना १३४४ने भागलं की सेकंदाला सुमारे ४८,३६३ रेघा निघतात, म्हणजे ४८.४ किलोहर्ट्झ. अशा (न दिसणाऱ्या धरून) ८०६ रेघांचं एक चित्र, म्हणून सेकंदाला ६० चित्रं.

गणित चोख आहे, पण ते समोरच्या मॉनिटरला झेपलं पाहिजे. काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत याच वेगाने डावीकडून उजवीकडे ओढणारं सर्किट असायचं. ३५ किलोहर्ट्झपर्यंतच झेपणाऱ्या जुन्या मॉनिटरला ४८ दिले तर ते सर्किट तापून जळण्याची भीती असे. म्हणून फाइलमध्ये ‘हॉरिझसिंक’ आणि ‘व्हर्टरिफ्रेश’ अशा दोन ओळींत आपल्या मॉनिटरच्या मर्यादा लिहायच्या, त्याही पुस्तिकेत पाहून. त्या मर्यादेबाहेरचा मोड प्रणाली स्वतःच नाकारायची. आता दुसऱ्याची अख्खी फाइल उचलून आणली तर काय होतं? त्याच्या मोडबरोबर त्याच्या मर्यादाही येतात. राखणदारच बदलला जातो, आणि अडवायला कुणी उरत नाही. मला यातला खरा धोका हाच वाटतो. नुसती मोडलाइन मागितली असती तर आपल्या मर्यादांनी ती अडवली असती.

१९९४मध्ये ईडीआयडी आलं आणि मॉनिटर स्वतःच आपली माहिती संगणकाला सांगू लागला. आजचे सपाट पडदे झेपत नसेल तर ‘आउट ऑफ रेंज’ असं दाखवून थांबतात. जळण्याचं भय जवळपास गेलं, काळा पडदा मात्र राहिला. घरात एकच संगणक आहे आणि उद्या सकाळी काम द्यायचंय, अशा माणसाला काळा पडदा म्हणजे लहान संकट नव्हे. विंडोजमध्ये रिझोल्यूशन बदललं की ‘बदल ठेवायचा का?’ असं विचारतात, आणि १५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर जुनं सेटिंग परत लावतात. दिसेनासं झालेल्या माणसाला काही करावंच लागत नाही. ही सोय ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. सेटिंग देणाऱ्यानेही परतीची वाट अशीच आधी सांगावी: अख्खी फाइल न देता हवा तेवढाच भाग वेगळ्या छोट्या फाइलमध्ये द्यावा, पडदा काळा झाला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरांच्या कन्सोलवर जा आणि ती छोटी फाइल काढून टाक, एवढं कळवावं. आणि समोरच्याने ते कागदावर उतरवून घ्यावं, कारण लागेल तेव्हा स्क्रीनवर वाचता येणार नाही.

देणाऱ्याचंही काही उघडं पडतं, याकडे सहसा लक्ष जात नाही. कधी ईडीआयडीची प्रतही पाठवली जाते. तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. पण त्यात बनवणारी कंपनी, मॉडेल, त्या नगाचा अनुक्रमांक आणि बनवल्याचं वर्ष बसवलेलं असतं. अनुक्रमांक कधीकधी पुढे अक्षरांतही दिलेला असतो. अडचण दाखवायला एक्सची लॉग फाइल पाठवली तर संगणकाचं नावही जातं, आणि कित्येकांनी तिथे स्वतःचंच नाव दिलेलं असतं. अनोळखी माणसांच्या हाती जाणाऱ्या फाइलमधून हे आधी पुसावं. ईडीआयडीत हात घालताना एक ध्यानात ठेवायचं: सगळ्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ने नि:शेष भाग जावा म्हणून शेवटचा बाइट ठरलेला असतो. अनुक्रमांक शून्य केला तर तोही नव्याने काढावा लागतो.

रंगांच्या प्रोफाइलचं तर दुसऱ्याच्या चष्म्यासारखं आहे. यंत्र लावून ती मोजलेली असते एकाच पडद्यासाठी. त्याच मॉडेलचा शेजारचा पडदाही थोडा निळसर किंवा पिवळसर असू शकतो. ती देऊच नये, मोजायचं यंत्र उसनं द्यावं.

बाकी फाइल देताना वर चार ओळी लिहायला फारसा वेळ लागत नाही. ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह घातलं की प्रणाली ती सोडून देते. मॉनिटर कोणता, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर कोणता, मुळात काय बदललं, कसं उलटवायचं. आणि तारीख नक्की घालावी. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर चालणारे आजचे डेस्कटॉप या जुन्या फाइली वाचतही नाहीत, आणि तारीख नसेल तर नवखा माणूस त्यातल्या आकड्यांशी रात्रभर झुंजत बसतो.