परत येणाऱ्याचं घर

चि. सोन्या यास,


‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’चे सव्वीसच्या सव्वीस भाग तीन रात्रींत संपवलेस आणि आता कशातच अर्थ वाटत नाही, असं लिहिलंस. फोनवर आपलं बोलणं झालंच. पण तुला नेमकं काय लागलं ते कळावं म्हणून मीही ती मालिका पाहिली. रोज रात्री एक भाग, मग झोप.

तू क्रुसांचा आणि देवदूतांचा उलगडा करत बसला आहेस. ते सोड. सहायक दिग्दर्शक त्सुरुमाकी यांनीच पुढे सांगितलं, की ती चिन्हं जपानी प्रेक्षकाला अनोळखी, म्हणून वेधक वाटतात, एवढ्यासाठी घेतली.

चौथा भाग मात्र पुन्हा बघ. त्याचं इंग्रजी नाव शोपेनहॉवरच्या दृष्टान्तावरून आलंय: थंडीत कुडकुडणारी साळिंदरं जवळ आली तर काटे टोचतात, लांब गेली तर गारठतात. हा दृष्टान्त तुला पाठ आहे. पण शेवट आठवतो? मालिकेचा नायक, चौदा वर्षांचा शिन्जी, गाव सोडून निघालाय. गाडी निघून जाते आणि तो फलाटावरच उभा. समोर त्याला आपल्या घरी ठेवून घेणारी मिसातो. जवळजवळ मिनिटभर चित्र हलत नाही. मग तो ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे ‘मी आलो’. घरी परतलेल्याने म्हणायचा रोजचा शब्द. दुसऱ्या भागात मिसातोनेच त्याला तो उंबऱ्याशी म्हणायला लावलेला असतो. माझे डोळे भरून आले ते इथे.

ही गोष्ट रचणारा हिदेआकी आन्नो १९९५पूर्वी चार वर्षं मोडून पडला होता, हे त्यानेच लिहून ठेवलंय. याच गोष्टीवरच्या २०१२च्या सिनेमानंतर तो पुन्हा कोसळला. पत्नीच्या आणि मित्रांच्या आधाराने सावरला, हेही त्याने लपवलं नाही. गोष्ट पुरी व्हायला २०२१ उजाडलं. त्या शेवटच्या सिनेमात शिन्जीची वाचा बसलेली असते, तो अन्नाला शिवत नाही. तो ज्या गावात येतो तिथली माणसं त्याला तत्त्वज्ञान सांगत नाहीत, जेवण ठेवून जातात. मालिकेतल्या रेईसारखी दिसणारी एक मुलगी बायकांबरोबर गुडघाभर चिखलात भाताची लावणी शिकते आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारते. ‘सायोनारा’ म्हणजे काय? तर पुन्हा भेट व्हावी म्हणून म्हणायचा मंत्र. आपणही निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तुझी आजी ‘जातो’ म्हणणाऱ्याला दारातून परत बोलावायची, आठवतं ना?

तू तीन रात्री फक्त शिन्जीचं एकटेपण पाहिलंस, रे. त्याच्यासाठी दार उघडं ठेवणारी माणसंही त्याच चित्रांत आहेत, आणि तीही आन्नोनेच काढवून घेतली आहेत, अंधारातून गेलेल्या माणसाने.

आता माझं ऐक. रात्री जागून बघणं बंद कर. सकाळी उठावंसंच वाटत नाही, असं पंधरा दिवस चाललं तर मला सांग, आपण डॉक्टरांकडे जाऊ; त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आईला यातलं थोडं तरी सांग. तिला मालिका कळणार नाही, तू कळशील.

शेवटचा सिनेमा तू अजून पाहिला नाहीस म्हणालास. एकट्याने बघू नकोस. शनिवारी ये, संध्याकाळी लावू. जेवायलाच ये.

तुझी,
मावशी