दामाजीपंतांची पावती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाने श्री रेखायचा, हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे आणि घरातल्या थोरामोठ्यांनी तिला नमस्कार करायचा. लहानपणी मला या पूजेचे मोठे कोडे पडे. देवाची पूजा समजते; पैशाचीही, मनुष्यस्वभाव ध्यानात घेता, समजू शकते. पण जिच्यात अजून एक आकडाही मांडलेला नाही अशा कोऱ्या वहीपुढे माणसाने हात का जोडावेत? या कोड्याचे थोडेफार उत्तर मला साठी उलटल्यावर मिळाले, आणि तेही एका प्रिंटरच्या नादी लागून. ती हकीकत सांगायची म्हणजे एका लबाडीची कबुलीही देणे आले. सणासुदीच्या दिवसांत कबुलीजबाब कुणाला गोड लागणार? पण फराळाच्या ताटात चिवड्याचीही एक वाटी असतेच, तेव्हा वाचकांनी चालवून घ्यावे.

मी मोडनिंबचा. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी गाडीही आमच्या स्टेशनावरून जाते. पूर्वी ती बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरून डुलत जाई, आता रुंद रुळांवरून जाते. माझा जन्म गणित शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर संगणकाची गोडी लागली आणि परिसरातल्या एका शाळेतली संगणकखोली हा माझा संध्याकाळचा पार झाला.

त्या शाळेत लेझर प्रिंटर एकच. त्यावर प्रश्नपत्रिका निघत, दाखले निघत, मुलांचे प्रकल्प निघत आणि, खरे बोलायचे तर, कुणाकुणाच्या वास्तुशांतीची आमंत्रणेही निघत. पाचशे कागदांचे रिम बघता बघता संपू लागले. ऐन परीक्षेच्या वेळी पोरे प्रिंटरपाशी येत आणि रिकामा खण पाहून परत जात. अखेर चिटणीसांनी मला बोलावले. म्हणाले, "सर, तुम्ही गणिताचे. कोण किती छापतो ते कळलं पाहिजे आणि कुठंतरी लगाम बसला पाहिजे." मला काम आवडले. सगळ्यांना सारखे माप मिळावे, यात वाईट ते काय?

मी एका जुन्या संगणकावर लिनक्स चढवले. तिथे छपाईचे काम कप्स नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट या अमेरिकन प्रोग्रामरने ती तयार केली आणि १९९९ साली ती पहिल्यांदा लोकांच्या हाती आली. तिची रीत पोस्टाच्या खिडकीसारखी आहे. येईल त्याचे काम रांगेत घ्यायचे, प्रिंटरकडे धाडायचे आणि कोणी, केव्हा, किती पाने छापली याची ओळ आपल्या वहीत टिपून ठेवायची. तिला दोन आकडे सांगितले की ती मर्यादाही घालते: मुदत किती आणि पाने किती. मुदत तिला सेकंदांत सांगावी लागते. मी तीस दिवसांचे २५,९२,००० सेकंद भरले आणि पाने ३० ठरवली. एका प्रिंटरला एकच मर्यादा. ती मुख्याध्यापकांना लागू आणि सातवीतल्या पोरालाही. परीक्षा, प्रदर्शन, पहिली तारीख यांतले तिला काही कळत नाही. ती फक्त मागचे तेवढे सेकंद पाहते.

लगाम बसवणे सोपे होते. तो बसेना तेव्हा गंमत सुरू झाली. पहिल्या आठवड्यात वही उघडली तर सारी पाने एकाच नावावर. 'विद्यार्थी' नावाच्या कुणा गृहस्थाने शाळेतली एकूण एक छपाई केली होती! सगळी मुले सगळ्या संगणकांवर त्याच नावाने बसत होती. मग प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड दिला. पुढे एकदा जागा अडते म्हणून मी जुन्या कामांची यादी पुसली, तर सर्वांचे कोटे पुन्हा कोरे झाले. मर्यादा त्या यादीच्या आधारावरच उभी होती; आठवण गेली की शिस्तही गेली.

तिसरा दोष मात्र लाजिरवाणा होता. शिक्षकांच्या खोलीतला संगणक पाने स्वतःकडेच पूर्ण तयार करून पाठवी आणि माझी प्रणाली ती न उघडता पुढे ढकली. पाकीट बंद असल्यावर आतली पाने मोजणार कोण? पोरांचे एकेक पान मोजले जात होते आणि आम्हा गुरुजनांची पाकिटेच्या पाकिटे बिनबोभाट जात होती. हा दोष मला रात्री अकरा वाजता सापडला आणि मी एकटाच टाळी वाजवून हसलो. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांना मध्यरात्री एका पैची चूक सापडली तेव्हा त्यांनाही असाच आनंद झाला होता, अशी कथा आहे. त्या कथेत स्वामी पुढे विचारतात की, एका पैसाठी इतकी तळमळ, तर हीच तळमळ परमार्थाकडे लावलीस तर काय होईल? कथेचा हा उत्तरार्ध मी त्या रात्री सोयीस्करपणे विसरलो.

तो आठवून देण्यासाठी एक मुलगी आली. नववीतली, लांबच्या वस्तीवरून एसटीने येणारी. मालदांडी ज्वारीच्या बियांची उगवण तिने महिनाभर मोजली होती आणि दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शनात अठरा पानांचा अहवाल द्यायचा होता. आधीच्या कच्च्या प्रतीत तिची १३ पाने खर्ची पडली होती. तिने १८ पाने छपाईला लावली. चार बाहेर आली आणि पाचवे आत अडकले. शिपाईमामांनी धांदलीत प्रिंटर बंद करून कागद ओढून काढला. प्रिंटर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या पोटातली उरलेली पाने पुसली गेली होती. माझ्या वहीत मात्र १८ पानांची नोंद पडून गेली होती, कारण ती प्रिंटरकडे पाठवलेली पाने मोजते. कागद हातात आला की नाही हे तिला दिसत नाही. तेरा आणि अठरा एकतीस. पोरीने पुन्हा काम लावले, ते नाकारले गेले.

ती माझ्याकडे आली. मी पडद्याकडे पाहिले आणि म्हणालो, "बाळ, तुझी पानं संपली. यंत्र नाही म्हणतंय."

वाचकहो, आयुष्यात पोरांना मी पुष्कळ रागावलो आहे. त्या रागाचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण हे शांत, सौम्य वाक्य मला अजून टोचते. ती काही बोलली नाही. चार पाने हातात धरून एसटीच्या वेळेकडे बघत उभी राहिली. तेव्हा दारातून मामा म्हणाले, "सर, माझ्या नावावर घाला की. मला कुठं काय छापायचंय?" सर्वांची खाती उघडताना मी मामांचेही उघडले होते, महिन्यामागून महिने त्यांची तीस पाने वापरावाचून जात होती. त्यांच्या खात्यावरून पोरीची चौदा पाने निघाली आणि तिची एसटी चुकली नाही.

हळूहळू तो रिवाजच पडला. कुणाचे अडले की मामांचे खाते. मीही समाधानात होतो, कारण माझा नियम शाबूत राहत होता आणि पोरांची कामेही होत होती. मग महिन्याची बैठक आली. चिटणीसांनी वहीची छापील प्रत वाचता वाचता चष्म्यावरून पाहिले. "शिपायाला तीस पानं कशाला लागतात हो?" दोघेतिघे हसले. मामा चहाचे कप घेऊन तिथेच उभे होते. चिटणीसांनी त्यांना चार शब्द सुनावले. शाळेचा कागद म्हणजे घरचा माल नव्हे, वगैरे. मामा खाली मान घालून म्हणाले, "चुकलं साहेब." आणि मी गप्प बसलो. का बसलो? खरे सांगितले तर माझी व्यवस्था फसली असे दिसले असते, एवढेच कारण. जी वही एका पैने चुकू नये म्हणून मी रात्री जागवल्या, तिच्यातली सर्वांत मोठी खोटी नोंद मला ठाऊक होती आणि मी ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी चिटणीसांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. ते भले गृहस्थ, त्यांनी मामांना बोलावून दिलगिरी व्यक्त केली. पण चारचौघांत गेलेली अब्रू घरी बोलावून परत देता येते का? मामा मला एवढेच म्हणाले, "जाऊ द्या सर. पानं पोरांनीच वापरली न्हवं?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. चूक कशाची होती? मोजण्याची म्हणावी, तर मोजत नव्हतो तेव्हाचा काळ आठवा. तेव्हा ज्याचा हात प्रिंटरपर्यंत आधी पोहोचे त्याची आमंत्रणे छापली जात आणि वस्तीवरच्या पोरीला रिकामा खण मिळे. हिशेब नसलेल्या घरात उदारपणा नांदतो हा आपला गोड समज आहे. बहुधा तिथे धीट माणसाची चंगळ असते. मोजमाप हे दुबळ्याचे संरक्षण आहे, हे मी आजही मानतो. चूक होती ती "यंत्र नाही म्हणतंय" या वाक्यात. तीस हा आकडा यंत्राने ठरवला नव्हता, मी ठरवला होता. मोजणे यंत्राचे, नाही म्हणणे माझे. मी माझा नकार त्याच्या तोंडी घातला, आणि पुढे माझी दया मामांच्या खात्यावर घातली. दोन्ही वेळा माझी सही कुठेच नव्हती.

प्रिंटरमध्ये कागद अडकण्याची एक गोष्ट जगप्रसिद्ध आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरला त्याच्या प्रोग्राममध्ये एवढीच सुधारणा करायची होती की, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना तसे कळावे. पण त्याला मूळ प्रोग्राम पाहायला मिळाला नाही. तो नकार त्याच्या जिव्हारी लागला. ज्या प्रोग्रामवर आपले काम अवलंबून आहे तो उघडून पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार माणसाला हवा, हा विचार त्याने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून चळवळीच्या रूपाने मांडला. मी चढवलेले लिनक्स त्याच चळवळीच्या आधाराने वाढलेले. म्हणजे स्टॉलमनला जे पाहू दिले गेले नाही ते सारे माझ्यापुढे उघडे होते. आणि पोर समोर उभी असताना मी ते उघडून पाहिले नाही. कुलूप नसलेल्या दारापुढे उभे राहून मी तिला दार बंद आहे असे सांगितले.

आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत सर्वांना ठाऊक आहेत. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे रयतेला खुली केली. ही कथा सांगताना आपण बहुधा कोठारांपाशी रेंगाळतो. मला आता तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पंतांवर बालंट आले तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला. तिथे त्याने बादशहाची वही फाडली नाही, की धान्य कुणी नेलेच नाही असा बनाव रचला नाही. नेल्या धान्याचे पैसे मोजून भरले आणि पावती घेतली. साक्षात देवाने पावती मागितली, याचा अर्थ काय? दया ही हिशेबाच्या बाहेरची गोष्ट असेल, तर तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी माथी चोरून मारली जाते. खरी दया हिशेबात लिहिलेली असते, आणि ती देणाऱ्याच्या नावे लिहिलेली असते.

एवढे उमगल्यावर दुरुस्ती तासाभराची होती. कप्समध्ये एकाच प्रिंटरच्या दोन रांगा करता येतात. पहिलीला तीस पानांची मर्यादा ठेवली. ती बहुतेकांना पुरते. दुसरीला मर्यादा नाही. तिचे नाव मी 'दामाजी' ठेवले. तिच्यावर छापायचे तर शेजारच्या वहीत हाताने लिहायचे: कुणासाठी, कशासाठी, कुणाच्या शब्दावर, आणि ज्याचा शब्द त्याची सही. तिचा कागद शाळेचा नाही. सुरुवातीची रिमे मी दिली, मग शिक्षकमंडळी आपण होऊन देऊ लागली. दर शनिवारी प्रिंटरच्या पोटातला स्वतःचा आकडा आणि माझ्या वहीतला आकडा ताडून पाहतो. अडकलेल्या, वाया गेलेल्या पानांचा फरक तिथे उघडा पडतो आणि ज्याचे नुकसान त्याला तेवढी पाने 'दामाजी'वरून मिळतात. आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आलीच, तर मी स्वतः उठून "मी नाही म्हणतो" असे सांगतो. हे वाक्य उच्चारणे फार जड जाते. म्हणूनच की काय, ते फार कमी वेळा उच्चारावे लागते.

कोऱ्या वहीला नमस्कार का करायचा, याचे माझ्यापुरते उत्तर हे असे. वर्षभर तिच्यात जे घेणे, देणे आणि सोडणे लिहिले जाईल, ते लिहिणारा हात आपला असेल, याची ती आदल्या संध्याकाळची आठवण आहे.

या दिवाळीच्या सुटीआधी मी पहिली रांग तपासत होतो. मामांचे खाते बैठकीनंतर शून्यावरच होते. त्यांनी मलाही पुन्हा ते वापरू दिले नव्हते. परवा त्यात एक पान पडलेले दिसले. विचारले, तर लाजून म्हणाले, "नातीनं लक्ष्मीची पावलं मागितली होती, सर. छापून घेतली." मी वहीत पुन्हा पाहिले. नाव मामांचे, पान एक. नोंद खरी होती.